खड्ड्याच्या कडेने जाणारी वाट

गोल्फ म्हटले की मखमली हिरवळ, दुतर्फा वृक्षराजी आणि श्रीमंती थाट असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. या खेळाचे माहेरघर मात्र अगदी निराळे आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, सेंट अँड्र्यूज नावाचे एक जुने विद्यापीठाचे गाव वसले आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये आखूड गवताची, उंचसखल, वाऱ्याने सतत झोडपलेली एक वालुकामय पट्टी पसरलेली आहे. नांगराला निरुपयोगी असलेल्या अशा जमिनीला तेथील लोक ‘लिंक्स’ म्हणतात. याच पट्टीवर जगातील सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदान, ‘ओल्ड कोर्स’, आहे. खेळाच्या वाटेत झाडे नाहीत, कृत्रिम तलाव नाहीत, डोळे दिपवणारी सजावट नाही. पाण्याचा अडथळा म्हणावा तर एक अरुंद ओढा तेवढा आहे. तरीही मोठमोठे विजेते येथे पाऊल जपून टाकतात. याचे कारण त्या गवतात दडलेले शंभराहून अधिक वाळूचे खड्डे. त्यांना ‘बंकर’ म्हणतात.

खेळाचा नियम सोपा आहे. ‘टी’ या जागेवरून पहिला फटका मारायचा, ‘फेअरवे’ या मोकळ्या पट्ट्यावरून पुढे सरकायचे आणि ‘ग्रीन’ या गुळगुळीत हिरवळीवरील लहानशा भोकात, म्हणजे ‘होल’मध्ये, चेंडू घालायचा. असे अठरा होल पूर्ण करताना ज्याला सर्वांत कमी फटके लागतात, तो जिंकतो. चेंडू बंकरमध्ये पडला की मात्र हिशेब बिघडतो. पायाखाली मऊ वाळू आणि समोर गवताच्या थरांची जवळजवळ उभी भिंत. पुष्कळदा समोरून बाहेर पडणेच शक्य नसते. खेळाडूला आडव्या दिशेने, प्रसंगी उलट मागे चेंडू काढावा लागतो. एक फटका तर जातोच. कधी कधी एका खड्ड्यात सारी स्पर्धाच जाते.

या खड्ड्यांची जन्मकथा लक्षात घेतल्यावाचून त्यांचे महत्त्व कळत नाही. त्यांतील बहुतेकांना कोणी एक रचनाकार नव्हता. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यापासून बचाव करण्यासाठी मेंढ्या उंचवट्यांच्या आडोशाला बसत, तेथील गवत झिजे आणि खालची वाळू उघडी पडे. सशांची बिळे ढासळत. गावकरी शिंपले काढण्यासाठी जमीन उकरत. चेंडू उताराने सखल भागातच गोळा होत; मग त्याच जागी पुन्हा पुन्हा फटके बसून तेथील गवत नाहीसे होई. वाऱ्याने त्या जखमा रुंदावल्या. अनेक पिढ्यांच्या वापरातून घडलेल्या या खड्ड्यांना माणसाने पुढे कडा बांधून आकार दिला, एवढेच. खेळाडूंचे चेंडू जेथे हमखास येऊन पडत, तेथेच खड्डे झाले. म्हणूनच ते नेमके अडचणीच्या जागी आहेत.

या जमिनीचा इतिहासही कमी घटनापूर्ण नाही. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली होती, कारण या खेळापायी तरुणांचा धनुर्विद्येचा सराव मागे पडत होता. पुढे १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने या लिंक्सवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला. १७९७ मध्ये नगरपालिकेचे दिवाळे निघाले आणि ही जमीन सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरले, खेळाडू संतापले आणि सुमारे वीस वर्षे कोर्टकचेऱ्या व हातघाई चालू राहिली. अखेर १८२१ साली जेम्स चीप या स्थानिक जमीनदाराने, जो स्वतः गोल्फ खेळत असे, ती जमीन विकत घेतली आणि खेळ वाचवला. आज १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला विश्वस्त निधी या मैदानाचा कारभार पाहतो. ते कोणा एका क्लबच्या मालकीचे नाही, सार्वजनिक आहे. रविवारी तेथे सहसा खेळ होत नाही. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह याच हिरवळीवर फिरायला येतात.

गावाने आपल्या खड्ड्यांना नावेही मोठ्या मिस्कीलपणे दिली आहेत. एका जोडीचे नाव ‘चष्मा’, दुसऱ्या समूहाचे ‘शवपेट्या’, आणखी एकाचे ‘सिंहाचे तोंड’. विद्यापीठाच्या गावाला शोभेल असे ‘प्रिन्सिपॉल्स नोज’, म्हणजे प्राचार्यांचे नाक, हेही तेथे आहे. सर्वांत विस्तीर्ण आणि भयंकर बंकरचे नाव तर थेट ‘हेल’, म्हणजे नरक. ज्या वस्तूला माणसे नाव देतात, तिच्याशी त्यांचे काही नाते जडलेले असते. या खड्ड्यांशी गावाचे नाते भीतीचे आहे, तितकेच जिव्हाळ्याचेही आहे.

प्रथमच येणाऱ्याला आणखी एक कोडे पडते. काही बंकर टीवरून दिसतच नाहीत. बाराव्या होलवर समोर निर्मळ फेअरवे दिसतो. सरळ मध्यावर सुंदर फटका मारावा आणि पुढे जाऊन पाहावे, तर चेंडू खड्ड्यात! हा अन्याय वाटतो, पण त्यामागे इतिहास आहे. आज हे मैदान घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने खेळले जाते. पूर्वी ते काट्यांच्या दिशेनेही खेळले जाई. एकोणिसाव्या शतकात काही काळ दोन्ही दिशा आलटूनपालटून वापरात होत्या. त्या जुन्या दिशेने चालत आल्यास हेच खड्डे स्वच्छ दिसतात. जाणाऱ्या आणि येणाऱ्या खेळाडूंसाठी सात विशाल ग्रीन सामाईक आहेत आणि एका ग्रीनवरील दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते: दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, सातवा आणि अकरावा. वाट बदलली, खड्डे मात्र जेथे होते तेथेच राहिले. त्यामुळे या मैदानावर नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. आधीच्या माणसांचा अनुभव विचारून घ्यावा लागतो. तेथील अनुभवी कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारे आणि वाट सांगणारे सोबती, यांचा मान त्यामुळेच मोठा आहे.

आता मुख्य प्रश्न. हे खड्डे खेळाचे डावपेच कसे घडवतात?

सामान्य समजूत अशी की बंकर ही वाईट फटक्याची शिक्षा आहे. चुकला त्याला दंड, असा साधा न्याय. ओल्ड कोर्सची शिकवण याहून खोल आहे. येथील उत्तम बंकर वाटेच्या कडेला नसून ऐन वाटेत आहेत, आणि ते खेळाडूला शिक्षा करण्याआधी प्रश्न विचारतात. सोळाव्या होलचे उदाहरण घ्यावे. फेअरवेच्या मध्यभागी ‘प्राचार्यांचे नाक’, म्हणजे तीन बंकरांचा पुंजका आहे आणि त्याच्या थोडे पुढे ‘डीकन साइम’ नावाचा आणखी एक बंकर टपून बसलेला आहे. उजव्या हाताला मैदानाची हद्द आहे. तेथून पूर्वी रेल्वे जात असे. चेंडू हद्दीबाहेर गेला तर दंड ठरलेला. डावीकडे मात्र ऐसपैस मोकळी जागा आहे.

सावध माणूस साहजिकच डावीकडे जातो. पहिला फटका सुखरूप पडतो. पण दुसऱ्या फटक्याच्या वेळी त्याला कळते की येथून ग्रीनचा कोन अवघड आहे आणि निशाण अडथळ्यांच्या आड गेले आहे. याउलट जो नाक आणि हद्द यांच्यामधील अरुंद पट्टीत चेंडू टाकण्याचे धाडस करतो, त्याच्यासमोर ग्रीन खुले होते. तिसरा मार्ग नाकाच्या अलीकडेच थांबण्याचा. त्यात धोका कमी, पण पुढचा पल्ला लांबतो. तिन्ही मार्ग योग्य आहेत. प्रत्येकाची किंमत निराळी आहे आणि ती कधी चुकती करायची, एवढाच फरक आहे. पेढीवर बसलेल्या माणसाला हा हिशेब नवा वाटणार नाही. आज सोपा वाटणारा सौदा उद्याची अडचण उधारीवर आणतो. आणि आज पेललेली जोखीम, जर ती मोजूनमापून घेतलेली असेल, तर उद्याचा रस्ता मोकळा करते. न मोजता घेतलेली जोखीम ही मात्र कोठेही नुसती उधळपट्टीच.

चौदाव्या होलवर हाच प्रश्न अधिक मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. हा लांबलचक होल आहे. डावीकडे ‘बिअर्डीज’ नावाचे बंकर, उजवीकडे हद्दीची भिंत आणि त्यांच्यामध्ये ‘इलिजियन फील्ड्स’ या नावाची मोकळी सपाट पट्टी. ग्रीक पुराणातील पुण्यवंतांच्या निवासाचे हे नाव आहे. या स्वर्गात चेंडू सुखरूप पोचला, तरी पुढे नरक आहेच. तो विस्तीर्ण खड्डा दुसऱ्या फटक्याच्या सरळ वाटेवर पसरलेला आहे. त्याच्यावरून चेंडू उडवून न्यावा, अलीकडे थांबावे, की डावीकडे वळून शेजारच्या पाचव्या होलच्या फेअरवेचा आधार घ्यावा, हे वाऱ्याची दिशा आणि स्वतःची ताकद पाहून ठरवावे लागते. कालचे उत्तर आज चालेलच असे नाही, कारण काल मागून वाहणारा वारा आज समोरून येतो. १९९५ च्या ओपन स्पर्धेत जॅक निक्लॉससारखा महान खेळाडू, ज्याने १९७० आणि १९७८ साली याच मैदानावर ओपन जिंकली होती, या नरकात अडकला. बाहेर पडायला त्याला चार फटके लागले आणि त्या एका होलवर त्याचे दहा फटके झाले. मैदान ओळखीचे आहे म्हणून ते कोणाला सूट देत नाही.

सतरावा ‘रोड होल’ तर या सर्वांचा शिरोमणी. ग्रीन अरुंद आणि तिरके आहे. त्याच्या पुढच्या डाव्या अंगाला लहानसा, खोल ‘रोड बंकर’ आहे आणि पलीकडे रस्ता व दगडी भिंत. बंकरला भिऊन जरा जोरात मारावे, तर चेंडू रस्त्यावर जातो. रस्त्याला भिऊन हात आखडावा, तर बंकर वाट पाहत असतो. भोवतालचा उतार असा की जवळपास आलेला चेंडूही त्याच्या तोंडाकडे ओढला जातो. १९७८ साली जपानच्या त्सुनेयुकी ऊर्फ टॉमी नाकाजिमा याने दोन फटक्यांत ग्रीन गाठले होते. तेथून त्याने अलगद टोला दिला आणि चेंडू घरंगळत खड्ड्यात गेला. बाहेर येण्यास चार फटके, एकूण नऊ. १९९५ च्या निर्णायक फेरीत इटलीचा कोस्तांतिनो रोक्का याच वाळूत अडकला आणि विजेतेपद जॉन डेलीकडे गेले. २००० साली डेव्हिड डुव्हाल याचे शेवटच्या दिवशी याच होलवर आठ फटके झाले.

त्याच २००० सालच्या स्पर्धेने या खड्ड्यांवरील उत्तरही दाखवून दिले. टायगर वुड्सने चार दिवसांत बहात्तर होल खेळताना एकदाही चेंडू बंकरमध्ये पडू दिला नाही आणि तो आठ फटक्यांच्या फरकाने जिंकला. लांब फटका मारण्यात तेव्हा त्याला तोड नव्हती. पण तो विजय नुसत्या ताकदीचा नव्हता. जेथे गरज, तेथे त्याने ताकद आवरून धरली. २०२२ मध्ये, दीडशेव्या ओपनच्या अखेरच्या दिवशी, ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथपुढे सतराव्या होलवर असाच पेच आला. त्याचा चेंडू आणि निशाण यांच्यामध्ये तोच रोड बंकर होता. चेंडू उंच उडवून खड्ड्यापलीकडे टाकण्याचा मोह कोणालाही झाला असता. स्मिथने ग्रीनवर वापरायची साधी पटर काठी हाती घेतली आणि खड्ड्याला वळसा घालून, उतारावरून चेंडू घरंगळत वर नेला. पुढच्याच टोल्यात तो होलमध्ये गेला. स्मिथ स्पर्धा एका फटक्याने जिंकला. खड्डा ओलांडण्यातच पराक्रम आहे असे नाही. वळसा घालण्यातही असतो.

अमेरिकेच्या बॉबी जोन्सची कथा या मैदानावर सर्वांत जिव्हाळ्याने सांगितली जाते. १९२१ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो येथे प्रथम ओपन खेळायला आला. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर त्याचा चेंडू ‘हिल’ बंकरमध्ये गेला. फटक्यामागून फटका वाया गेला आणि रागाच्या भरात त्याने डाव सोडून दिला. तरुण वयातील तो उतावळेपणा त्याला आयुष्यभर सलत राहिला. पण त्याने या मैदानाला दोष देत बसण्याऐवजी ते समजून घेतले. १९२७ मध्ये त्याने येथेच ओपन जिंकली. १९३० मध्ये येथेच ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकून त्याच वर्षीच्या आपल्या चौपट यशाचा पाया घातला. १९५८ साली सेंट अँड्र्यूजने त्याला सन्माननीय नागरिकत्व दिले. बेंजामिन फ्रँकलिन यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकन. ज्या गावात तो एकेकाळी डाव टाकून गेला, त्याच गावाने त्याला आपला मानले.

जोन्सने ही शिकवण पुढेही नेली. त्याचा सहकारी डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी याने १९२४ साली ओल्ड कोर्सचा तपशीलवार नकाशा तयार केला होता. पुढे या दोघांनी अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हे मैदान आखले. १९३४ पासून तेथे मास्टर्स स्पर्धा भरते. त्याआधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, लंडनजवळील वोकिंग क्लबच्या चौथ्या होलवर जॉन लो आणि स्टुअर्ट पॅटन यांनी ऐन फेअरवेमध्ये बंकर खणले, ते ‘प्राचार्यांच्या नाका’वरूनच. चांगल्या फटक्याच्या वाटेत खड्डा का, म्हणून सदस्य चिडले. हळूहळू मात्र त्या खड्ड्याने खेळात विचार आणला, हे लोकांना पटले. मेंढ्यांनी आणि वाऱ्याने नकळत केलेले काम पुढच्या पिढ्यांतील रचनाकारांचे पाठ्यपुस्तक बनले.

असे असले तरी या वारशापुढे आज एक खरी अडचण उभी आहे. चेंडू आणि काठ्या सुधारल्या. उत्तम खेळाडूंचा पल्ला फार वाढला. ज्या बंकरपुढे पूर्वी थांबून विचार करावा लागे, त्यांतील काही आता सहज मागे पडतात. ज्या खड्ड्याचे भय उरले नाही, तो प्रश्न विचारू शकत नाही. उपाय म्हणून टी मागे नेण्यात आल्या. २००० च्या ओपनसाठी मैदानाची लांबी ७,११५ यार्ड होती. २०१० मध्ये ती ७,३०५ यार्ड झाली. सतरावा होल एकटाच ४५५ यार्डांवरून ४९५ यार्डांवर गेला. २०१२ च्या अखेरीस काही बंकर हलवण्याचे आणि रोड बंकर सुमारे अर्ध्या मीटरने रुंद करण्याचे काम निघाले, तेव्हा जगभरातील गोल्फप्रेमींत वादळ उठले. एका पक्षाचे म्हणणे, मैदान कधीच गोठलेले नव्हते. ते सतत बदलत आले, म्हणूनच जिवंत राहिले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, काळाने घडवलेल्या वस्तूवर एका समितीने हात चालवू नये. चेंडूचा पल्ला आवरावा, जमीन नव्हे.

हा वादही जुनाच आहे. पंधराव्या होलवर ‘सदरलँड’ नावाचा एक लहान बंकर आहे. १८६९ साली तो बुजवण्यात आला. सदरलँड आडनावाच्या एका गृहस्थाने याविरुद्ध मोठी तक्रार केली. थोड्याच दिवसांत, रात्रीच्या अंधारात कोणीतरी तो पुन्हा खणून मोकळा केला आणि तेव्हापासून तो त्या गृहस्थाच्या नावाने ओळखला जातो, अशी हकीकत सांगतात. आपल्याला त्रास देणारा खड्डा बुजला म्हणून माणसे आनंदित व्हायला हवी होती. तेथे मात्र खड्डा परत मिळवण्यासाठी माणसे रात्री फावडे घेऊन बाहेर पडली! अडचण गेली की खेळाची चवही जाते, हे त्यांना उमगलेले होते.

बंकर राखणे हेही सोपे नाही. वारा वाळू उडवतो, गवताच्या थरांची भिंत झिजते आणि काही वर्षांनी ती पुन्हा रचावी लागते. हिवाळ्यात माळी गवताचे चौकोनी तुकडे विटांसारखे एकावर एक बसवत जुन्या खड्ड्याला त्याचा आकार परत देतात. म्हणजे आज दिसणाऱ्या भिंतीतील गवत शंभर वर्षांपूर्वीचे नसते. जागा, नाव आणि तो विचारीत असलेला प्रश्न तेवढा जुना असतो. जुन्या पेढ्यांचेही असेच नसते काय? माणसे बदलतात, इमारत बदलते, माल बदलतो. पण कोठे हात सढळ ठेवावा आणि कोठे आवरावा, याचे जे शहाणपण आजोबांनी ठोकर खाऊन मिळवलेले असते, ते नातवाच्या हाती तसेच यावे लागते. त्यासाठी प्रत्येक पिढीला ती भिंत नव्याने रचावी लागते.